खोक्यातून आलेले कपाट आणि रजयांचे ओझे

अलीकडे आमच्या अर्धापुरात लग्नाच्या सामानाची गाडी आली की तिच्यात कपाट उभे नसते, आडवे असते. दोन-तीन चपटी खोकी, आत पांढऱ्या किंवा अक्रोडी रंगाच्या फळ्या, एका पिशवीत स्क्रू, लाकडी खुंट्या, गोल चकत्या आणि चित्रांचा एक कागद. घरातली दोन पोरे पेचकस घेऊन बसतात आणि दुपारपर्यंत ते उभे करतात. आरसा लागतो, दारे लागतात, खोली भरल्यासारखी दिसते. संध्याकाळी घरातल्या बायका त्यात सामान लावायला घेतात आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

कारण आपल्या घरात कपाट हे नुसते कपड्यांचे नसते. त्यात पाहुण्यांच्या रजया जातात, ईदला निघणारा दस्तरखान जातो, जरीच्या साड्या आणि शेरवान्या जातात. अम्मीच्या वेळच्या तांब्या-पितळेच्या पराती खालच्या कप्प्यात, किताबांचे जाड खंड मधल्या कप्प्यात, आणि जे कुठेच मावत नाही ते कपाटाच्या डोक्यावर. कपाट करणाऱ्याने चार शर्ट आणि सहा पँटी डोळ्यांपुढे ठेवलेल्या असतात. आपण त्याचे कोठार करतो. मग सहा महिन्यांत फळीला पोट सुटते, दार खालच्या कोपऱ्यात घासू लागते, आणि एखाद्या रात्री आत काहीतरी धाडकन कोसळते. ‘काय करावे?’ हा प्रश्न आम्हाला पत्रांतून आणि शाळेच्या फाटकापाशीही इतक्यांदा विचारला गेला आहे की या महिन्याचे सदर त्यालाच देत आहोत. (कपाट मुलीच्या घरच्यांकडून मागून घेतलेले असेल तर त्याबद्दल आम्हाला वेगळे बोलायचे आहे, ते पुन्हा कधी.)

या कपाटांची कुळकथा थोडक्यात. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या आयकिया कंपनीचा गिलिस लुंडग्रेन नावाचा नोकर एक टेबल गाडीत घालत होता, ते मावेना, म्हणून त्याने पाय काढून ठेवले. तिथून सुट्या भागांचे सामान चपट्या खोक्यात विकायचा त्या कंपनीचा शिरस्ता पडला, असे सांगतात. आपल्याकडे तिचे पहिले दुकान ९ ऑगस्ट २०१८ रोजी हैदराबादला उघडले. आता तसलेच सामान अनेक देशी कारखाने करतात आणि कुरियरवाले ते गल्लीपर्यंत आणून देतात. गोष्ट छोटी आहे, पण लक्षात ठेवण्याजोगी आहे. या कपाटाची पहिली अट गाडीत मावणे ही होती. वजन पेलणे ही नंतरची.

फळी कशाची असते ते पाहू. बहुतेक कपाटे पार्टिकल बोर्डाची असतात. लाकडाचा चुरा डिंकासारख्या रसायनात कालवून, तापवून, दाबून केलेला हा तक्ता. वर लाकडाच्या छापाचा पातळ थर. भारतीय मानकांत साध्या पार्टिकल बोर्डासाठी आयएस ३०८७ आणि वर थर दिलेल्या बोर्डासाठी आयएस १२८२३ हे क्रमांक आहेत. घेताना बोर्डावर ते आहेत का, एवढे तरी विचारावे. १८ मिलिमीटर जाडीच्या या बोर्डाच्या एका चौरस मीटरचे वजन बारा किलोच्या आसपास भरते. उचलून पाहिले की हात जड होतो आणि लोक म्हणतात, ‘माल भारी आहे.’ माल भारी आहे, पण वजनाने. लाकडाला रेषा असतात, त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताण वाहून नेतात. चुऱ्याला रेषा नाही. म्हणून हा बोर्ड दाबला तर टिकतो, वाकवला तर हरतो, आणि कडेला पाणी लागले तर शिळ्या पावासारखा फुगतो. आमच्याकडचा एक म्हातारा मिस्त्री याला एका वाक्यात सांगतो: ‘सर, बोर्ड नै टूटता, स्क्रू का घर टूटता.’

आधी वजन करा. अंदाज नको. दुकानदाराचा काटा मिळाला तर उत्तम. नाहीतर माणसे वजन करतात त्या काट्यावर आधी एकटे उभे राहा, मग रजई घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. कापसाची दुहेरी रजई चार-पाच किलोपर्यंत जाते. पाच रजया म्हणजे वीस-पंचवीस किलो, आणि त्या आपण एकाच फळीवर कोंबतो. किताबांची रांग मोजली तर फुटाला सात ते दहा किलो धरून चाला. तीन फुटांच्या फळीवर पुस्तके भरली की एक पंधरा-सोळा लिटरची बादली काठोकाठ भरून ठेवली, वर आणखी निम्मी ठेवली. पुष्कळ कपाटांच्या कागदावर दर फळीला किती किलो ते छापलेले असते. तो कागद पोरे खोक्याबरोबर फेकून देतात. तो जपून ठेवावा.

आता मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी काढा. प्लॅस्टिकची असेल तर फारच छान. दोन पुस्तकांवर तिची दोन टोके टेकवा आणि मध्ये बोटाने दाबा: वाकते. मध्ये तिसरे पुस्तक सरकवा आणि पुन्हा दाबा: जवळजवळ वाकत नाही. आता पट्टी कडेवर उभी धरून दाबा: बोट दुखेल, पट्टी वाकणार नाही. कपाट मजबूत करण्याचे निम्मे शास्त्र या तीन दाबांत आहे. एकाच दाटीने सामान भरले असेल तर फळीची लांबी दुप्पट झाल्यावर तिचा बाक दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. उलट बाजूने वाचा: तीन फुटांच्या फळीखाली बरोबर मध्ये एक आधार दिला की बाक सोळाव्या हिश्शावर किंवा त्याहून कमीवर येतो. जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे नवी जाड फळी आणण्यापेक्षा जुन्या फळीला टेकू देणे स्वस्त आणि अधिक गुणकारी. आमच्या अर्धापूरच्या लोकांना हे वेगळे शिकवायला नको. केळीला घड लागून झाड झुकू लागले की शेतकरी झाड बदलत नाही, टेकू देतो.

टेकू म्हणजे काय? बोर्डाचा किंवा प्लायवूडचा एक उभा तुकडा, दोन फळ्यांमधल्या अंतराएवढा उंच आणि फळीएवढा खोल. तो वरच्या फळीच्या मध्ये उभा करा. पण त्याच्या बरोबर खाली, खालच्या फळीखालीही तसाच तुकडा हवा, आणि सगळ्यात खालच्या तळफळीखाली एक लाकडी ठोकळा हवा, जो फरशीला टेकेल. मधला आधार हवेत संपला तर वरच्या फळीचे ओझे खालच्या फळीवर ढकलले, एवढेच होते. वजन फरशीपर्यंत सरळ उतरले पाहिजे. तळफळीखालचा ठोकळा तर बहुतेक कपाटांत नसतोच. बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही.

ज्या कप्प्यात मध्ये आधार चालत नाही, लांब गाद्या-रजया आडव्या ठेवायच्या असतात, तिथे फूटपट्टीचा तिसरा दाब कामाला येतो. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड सागवानी पट्टी उभी बसवा. वरची बाजू फळीशी समतल, बाकीची खाली लोंबणारी. फेविकॉल लावून, दोन इंची स्क्रू मारून, रात्रभर शिकंजात किंवा सुतळीने आवळून ठेवा. एक ध्यानात असू द्या: फेविकॉल त्या छापील गुळगुळीत थराला धरत नाही. कडेवरची प्लॅस्टिकची फीत सोलून, कच्चा बोर्ड उघडा करून त्यावरच लावा. आणि पट्टी लावल्यावर दार मिटते का, ते आधी पट्टी नुसती धरून बघा. हे सगळे नको असेल तर ॲल्युमिनियमचा इंचभराचा एल अँगल फळीच्या पुढच्या कडेखाली स्क्रूने बसवला तरी चांगला फरक पडतो. आपल्या वडिलांच्या काळचे लोखंडी कपाट आठवा. गोदरेजने १९२३ मध्ये तसली कपाटे करायला घेतली. त्याची फळी पत्र्याची, किती पातळ! पण पुढची कड खाली दुमडलेली असते. त्या दुमडीनेच ती इतके वजन पेलते.

फळीला आधीच पोट सुटले असेल तर? ती उलटी करून बसवावी. पार्टिकल बोर्डाचा बाक ओझे काढल्यावर पूर्ण जात नाही, आणि ओझे ठेवलेले असेल तर महिनोन्महिने हळूहळू वाढत राहतो. उलटी केलेली फळी काही दिवस सरळ दिसेल. पण आधार न देता नुसती उलटी केली तर ती दुसऱ्या बाजूने वाकेल.

फळी ज्यांवर टेकते ते चार बारीक खिळे, हे दुसरे दुखणे. पाच मिलिमीटरचा एवढासा खिळा, चुऱ्याच्या भोकात. ओझ्याने भोक लांबट होते, खिळा खाली मान घालतो आणि फळी निसटते. रात्री धाडकन कोसळते ते बहुधा हेच. उपाय अगदी सोपा. फळीच्या दोन्ही टोकांखाली बाजूच्या भिंतीवर पूर्ण खोलीएवढी लाकडी रीप बसवा, पाऊण इंच जाड. बोर्ड अठरा, रीप एकोणीस, मिळून सदतीस मिलिमीटर. स्क्रू सव्वा इंची, म्हणजे बत्तीस मिलिमीटर. पलीकडे टोक निघणार नाही. एका रिपेला तीन स्क्रू पुरेत. आधी बारीक भोक पाडा, मग स्क्रू फिरवा, आणि तो बसला की थांबा. लाकडात आणखी एक फेरा दिला तर घट्ट होतो. बोर्डात तोच फेरा आतला चुरा खरवडतो. ड्रिल मशीनने स्क्रू पिळणारी उत्साही पोरे इथेच घात करतात. शेवटचे दोन फेरे हातानेच द्यावेत.

स्क्रूबद्दल थोडे अधिक. बोर्डाच्या सपाट तोंडात स्क्रू बरा धरतो, कडेत कमी धरतो. जाड, दूर-दूर आट्यांचे बोर्डाचे स्क्रू मिळतात, ते मागा. काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त असतात आणि मिस्त्री लोक सर्रास वापरतात, पण ते ठिसूळ असतात. जिथे वजन थेट स्क्रूवर येते तिथे नकोत. स्क्रूचे घर तुटून तो गरगर फिरत असेल तर भोकात फेविकॉल घालून आगपेटीच्या काड्या गुल काढून ठासून भराव्यात, एक दिवस वाळू द्यावे, वरचे कापून पुन्हा बारीक भोक पाडावे. बिजागरीचे घर दुसऱ्यांदा तुटले तर मात्र काड्यांचा नाद सोडा आणि आरपार नट-बोल्ट टाका, दोन्हीकडे वायसर घालून. बाहेरून बोल्टचे डोके दिसेल. दिसू द्या.

जोडणीच्या वेळी ज्या लाकडी खुंट्या मिळतात त्यांना फेविकॉल लावावा का, असे पुष्कळ जण विचारतात. लावला तर सांधा नक्कीच भक्कम होतो. पण मग कपाट सुटे होत नाही. स्वतःचे घर असेल, कपाट तिथेच राहायचे असेल तर खुशाल लावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीवाल्यांनी लावू नये. त्यांनी एवढेच पाहावे की गोल चकती पूर्ण फिरली आहे. अर्धवट फिरलेली चकती महिनाभरात सैल पडते. आणि असे कपाट दर बदलीला उकलून पुन्हा जोडले तर प्रत्येक वेळी त्याची पकड थोडी कमी होते. तिसऱ्या बदलीनंतर त्यात रजया ठेवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग येते पाठ. कपाटाच्या मागे तीन मिलिमीटरचा पातळ पुठ्ठ्यासारखा तक्ता बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो. लोकांना वाटते तो धूळ अडवायला आहे. चार काड्या टाचणीने जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला ढकला: चौकोन कलतो. त्यावर एक आडवी काडी कर्णासारखी जोडा, किंवा मागे कागद चिकटवा: हलत नाही. पाठीचे काम तेच, कपाटाला कलू न देणे. ज्या कपाटाची पाठ सुटली आहे ते हाताने ढकलले तरी डुलते आणि त्याची दारे कधीच सरळ बसत नाहीत. जड सामान ठेवायचे तर ही पाठ काढून सहा मिलिमीटरचे प्लायवूड बसवा, दर सहा इंचांवर एक स्क्रू. ठोकण्याआधी सुतळीने दोन्ही कर्ण मोजा. आयताचे कर्ण समान असतात, हे आपण सातवी-आठवीत पाठ केलेले असते. त्याचा उपयोग हा. कर्ण सारखे नसतील तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलके दाबून सारखे करा आणि मगच पहिला स्क्रू मारा.

इथपर्यंत सारे लोक विचारतात. कुणी विचारत नाही तो प्रश्न असा: हे कपाट पडेल का?

आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. कारण वर सांगितलेले सगळे उपाय करून कपाट भक्कम झाले की आपण त्यात आणखी भरतो. आधी फळी मोडायची आणि सामान आतल्या आत खाली यायचे. आता फळी मोडणार नाही. सगळे ओझे वर राहील, आणि तोल गेला तर ते ओझ्यासकट पुढे येईल. भिंतीला न बांधता कपाट मजबूत करणे म्हणजे पडणारी वस्तू आणखी जड करणे.

कपाट सहा-साडेसहा फूट उंच आणि जेमतेम पावणेदोन फूट खोल असते. दोन्ही दारे उघडली की दारांचे आणि आरशाचे वजन पुढे येते. खण बाहेर ओढला, आणखी पुढे. तेवढ्यात तीन वर्षांचे पोर वरच्या कप्प्यातल्या बिस्किटासाठी खालच्या फळीवर पाय देते. त्यात आपल्या खोल्यांना धुण्यासाठी दाराकडे उतार दिलेला असतो. कपाट मुळातच केसभर पुढे झुकलेले असते. २८ जून २०१६ रोजी त्याच आयकिया कंपनीने अमेरिकेत खणांच्या कपाटांचे सुमारे २ कोटी ९० लाख नग परत मागवले, कारण ती उलटून लहान मुले दगावली होती. उपाय म्हणून कंपनीने लोकांना काय दिले? पैसे परत, नाहीतर भिंतीला बांधायची पट्टी आणि स्क्रू, फुकट. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तिथे कपड्यांची कपाटे सहज उलटू नयेत म्हणून कायदाच झाला. आपल्याकडे येणाऱ्या खोक्यातही पुष्कळदा ती छोटी एल पट्टी असते. ती बहुतेक घरांत स्क्रूच्या पिशवीत तशीच पडून असते.

आपल्या भागाला याचे आणखी एक कारण आहे. २१ मार्च २०२४. रमजानचे दिवस, सहरी आणि फज्र होऊन माणसे जरा आडवी झालेली. सकाळी सहा वाजून गेल्यावर जमीन हलली, आणि दहाएक मिनिटांनी पुन्हा हलली. पहिला धक्का ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६ चा; केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. १० जुलैला सकाळी सातनंतर पुन्हा ४.५. हानी मोठी झाली नाही, अल्हमदुलिल्लाह. पण तेव्हा प्रशासनाने लोकांना एक साधी गोष्ट सांगितली होती: घराच्या पत्र्यांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा पहाटेचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना या सूचनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तिथे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे प्रचंड ओझे झोपलेल्या माणसांवर आले. आज आपण पत्र्यावरचे दगड काढतो आणि पलंगाच्या उशाशी, कपाटाच्या डोक्यावर, भरलेली लोखंडी पेटी ठेवतो. ती पेटी आजच खाली घ्या. कपाटाच्या डोक्यावर रिकामी बॅगसुद्धा नसलेली बरी. ठेवायचीच तर रिकामीच.

भिंतीला बांधायचे ते असे. बाजूच्या दोन उभ्या फळ्या जिथे वरच्या फळीला मिळतात, त्या दोन कोपऱ्यांत दोन एल पट्ट्या. पट्टीचा एक पाय वरच्या फळीवर, दुसरा भिंतीवर. वरच्या फळीच्या आतल्या बाजूने, बरोबर पट्टीखाली, रिपेचा एक तुकडा ठेवा, म्हणजे स्क्रू नुसत्या अठरा मिलिमीटर चुऱ्यात न अडकता खालच्या लाकडात जाईल. भिंतीत आठ मिलिमीटरचे अडीच इंच खोल भोक, त्यात गिट्टी, वर दोन ते अडीच इंची स्क्रू. प्लास्टर अर्धा-पाऊण इंचाचे असते, ते काही धरत नाही. स्क्रूचा मोठा भाग विटेत गेला पाहिजे. ड्रिलमधून लाल भुकटी येऊ लागली की वीट लागली असे समजा. पांढरी-करडी भुकटी येत राहून ड्रिल एकदम भसकन आत गेले तर दोन विटांच्या सांध्यात शिरले. दोन इंच बाजूला सरका. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून वायर जाते.

अडचण येते ती फरशीच्या पट्टीची, म्हणजे स्कर्टिंगची. तिच्यामुळे कपाट भिंतीपासून अर्धा-एक इंच दूर राहते आणि एल पट्टी भिंतीला पोचत नाही. मग पट्टी पिळून वाकवतात. तसे करू नये. त्या फटीएवढ्या जाडीचा लाकडी तुकडा मागे घालून त्यातून लांब स्क्रू न्यावा. मातीच्या किंवा दगड-मातीच्या जुन्या भिंतीत गिट्टी टिकत नाही. तिथे छताच्या तुळईला किंवा खांबाला आडवी लाकडी फळी पक्की करून कपाट त्या फळीला बांधावे. नुसत्या पत्र्याच्या भिंतीला काहीच बांधू नये. लोखंडी अँगलच्या सांगाड्याला बांधावे. भाड्याच्या घरात मालकाला विचारून घ्या. कपाटामागची दोन भोके त्याला दिसणारही नाहीत, पण विचारलेले बरे.

मग सामान लावा. पराती, देगच्या, किताबांचे खंड सगळ्यात खाली. त्यावर रजया. साड्या-कपडे डोळ्यांच्या उंचीला. वर हलके. गज तीन फुटांचा असेल आणि त्यावर शेरवान्या, कोट, जड शालू टांगायचे असतील तर मध्ये एक कडी वरच्या फळीत बसवून त्याला उचलून धरा. दाराला आतून पर्स आणि पिशव्यांचे हूक लावायची हौस टाळा. बिजागरीचे घर त्यानेच तुटते. आणि प्रत्येक रजई या कपाटातच गेली पाहिजे असे नाही. जुन्या वाड्यांत भिंती दोन-अडीच फूट जाड, त्यांत कोनाडे, ताक, फडताळे; ओझे भिंतच पेलायची. आता त्या भिंती नाहीत, पण नानीची लोखंडी पेटी अजून बहुतेक घरांत आहे. तिला दोन विटांवर ठेवा, आत कडुनिंबाचा पाला टाका आणि उन्हाळ्यात रजया तिच्यात जाऊ द्या. वर चादर टाकली की बसायलाही होते.

राहिले पाणी. फरशी पुसताना रोजचे पाणी बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडेत मुरते. कड फुगते, आणि सगळे ओझे ज्या दोन फळ्यांवर उभे आहे त्यांचाच पाया भुसभुशीत होतो. नव्या कपाटाची जोडणी करतानाच या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या आणि खाली रबरी किंवा प्लॅस्टिकचे पाय बसवा, अर्धा इंच का होईना. फुगलेल्या कडेला स्क्रू, फेविकॉल काही लागू पडत नाही. मिस्त्रीला सांगून खालचे दोन-तीन इंच कापून टाकावेत आणि आयएस ७१० चा शिक्का असलेल्या, पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडची बैठक करून त्यावर कपाट ठेवावे. तेवढा खर्च कपाटाच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर करू नये. दारे आणि चांगल्या फळ्या काढून घ्याव्यात, त्यांचे भिंतीवरचे छोटे फडताळ होते; बाकी भंगारात.

काळ्या मातीवरची घरे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात थोडी हलतात, हे आपल्याकडे प्रत्येकाच्या भिंतीवरची भेग सांगते. फरशीही थोडी वर-खाली होते, आणि कपाटाचा समतोल बदलतो. दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, एवढे पाहिले तरी कळते. म्हणून ऑक्टोबरात, थंडीच्या रजया पेटीतून कपाटात आणण्याआधी, पेचकस घेऊन एकदा फिरावे: चकत्या, रिपेचे स्क्रू, बिजागऱ्या. शेवटी वरच्या दोन एल पट्ट्या हाताने धरून हलवून बघाव्यात. एकही हलली तर ती पुन्हा बसवून होईपर्यंत रजया पलंगावरच राहू द्याव्यात.